ककांनी शिकवलेला नांगर

उथळ पाण्यात डोंगा एका जागी, आवाज न करता कसा उभा करायचा, हे मला धमतरीजवळच्या एका केवट गृहस्थांनी शिकवलं. माझं पुढचं सगळं शिकणं आणि शिकवणं त्याच्या आधारानं झालं. आपलं नाव छापून यावं असं त्यांना कधी वाटलं नाही, म्हणून ते इथे घालत नाही. मी त्यांना पहिल्यापासून कका म्हणत आले. ते मला नोनी म्हणतात, मुलीला म्हणावं तसं. मी सेवानिवृत्त झाले, केस पिकले, तरी त्यांच्यासाठी नोनीच राहिले.

माझे वडील भंडाऱ्याहून बदलीवर रायपूरला आले आणि शंकर नगरात आमचं घर झालं. तेव्हा रायपूर मध्य प्रदेशात होतं. राजधानी होण्यासाठी त्याला १ नोव्हेंबर २००० पर्यंत थांबायचं होतं. घरापासून तेलीबांधा तलाव चालत जाण्यासारखा. आता त्याच्या काठाला लोक मरीन ड्राइव्ह म्हणतात आणि संध्याकाळी तिथे दिव्यांची गर्दी असते. माझ्या लहानपणी तिथे म्हशी डुंबायच्या आणि कुणी ना कुणी जाळं फेकत असायचं. आजोळ भंडारा जिल्ह्यात, म्हणजे तलावांच्या मुलखात. सुट्टीत मामांच्या गावच्या मालगुजारी तलावावर ढिवरांचे डोंगे बघत तासन्‌तास बसायची मला सवय होती. पाण्याची ओढ अशी दोन्ही घरांतून आली. पण काठावर बसून पाणी बघणारीला पाण्यातलं काही कळतं असं नाही, आणि मला ते बरीच वर्षं ठाऊक नव्हतं.

पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठातून प्राणिशास्त्राची पदवी घेतल्यावर संशोधनासाठी मी गंगरेलचं धरण निवडलं. महानदीवरचा हा जलाशय १९७० च्या दशकात बांधला गेला. कागदोपत्री त्याला रविशंकर सागर म्हणतात. चौदा दरवाजे, सुमारे ३२ टीएमसी पाणी, आणि त्या पाण्याखाली बुडालेली गावं. तिथल्या अंगारमोती देवीची स्थापनासुद्धा पाणी चढल्यावर नव्यानं काठाशी करावी लागली. माझा विषय होता उथळ काठाच्या पाण्यात रोहू, कटला आणि मृगळ केव्हा नि कुठे चरायला येतात हा. त्यासाठी होडी हवी, होडीवाला हवा. आईनं एकच अट घातली: आधी त्या माणसाच्या घरी जाऊन त्याच्या बायकोला भेटून यायचं, आणि आपण दोघींनी जायचं. ककांच्या अंगणात आई आणि काकी दुपारभर बोलत बसल्या. एकीची भाषा झाडीबोलीच्या वळणाची, दुसरीची छत्तीसगढी. निघताना आई म्हणाली, "जा तू खुशाल."

मला वाटत होतं की अवघड काम प्रयोगशाळेतलं आहे आणि होडी हे नुसतं तिथवर पोचायचं साधन आहे. ठरलेल्या जागी पोचल्यावर मी दोरीला बांधलेला दगड उचलला आणि पाण्यात टाकला. ककांनी काही न बोलता तो परत ओढून घेतला, डोंगा पार दुसऱ्या खाचेत नेला, आणि मग सांगितलं, "पथरा ला झन फेंक, नोनी. उतार." फेकू नकोस, उतरव. मी समजले की पाणी उडालं म्हणून ते म्हणत आहेत. त्या एका शब्दात किती गोष्टी होत्या हे उलगडायला पुढची वर्षं गेली.

एक तर दगड तळाशी आपटला की चिखल उठतो. त्या भागातले लोक तळ्याच्या गाळाला लद्दी म्हणतात. ही लद्दी एकदा वर आली की पाण्याचा नमुना घेण्यात अर्थ राहत नाही. त्यातला प्राणवायू, गढूळपणा, सगळंच त्या जागेचं खरं सांगत नाही. दुसरं असं की एका दोरीवर उभा डोंगा वाऱ्याबरोबर फिरत राहतो. पाणी किती पारदर्शक आहे हे मोजायला आम्ही पांढरी तबकडी दोरीनं खाली सोडतो, सेक्कीची तबकडी. इटलीतल्या आंजेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये वापरात आणलेलं हे साधन इतकं साधं आहे की त्यात चूक कुठे होणार असं वाटतं. पण होडी सरकली की दोरी तिरकी होते आणि खोली असते त्याहून जास्त मोजली जाते. म्हणजे माझे आकडे खरे की खोटे हे माझ्या हातात नव्हतंच. ते ककांच्या डोंगा उभा करण्यावर अवलंबून होतं. आणि तिसरं, ज्या माशांसाठी मी आले होते ते त्या आवाजासरशी निघून गेलेले असत.

कंबरभर ते दोन पुरुष पाण्यात कका दगड वापरतच नसत. त्यांच्याकडे दोन डांगा होत्या, म्हणजे लांब बांबू. एक नाळेपाशी, एक मागे. डोंगा वाऱ्याच्या तोंडाला घ्यायचा, आधी पुढची डांग उभी पाण्यात सोडायची आणि तिचं टोक तळाला लागलं की दोन्ही तळव्यांत धरून हळूहळू फिरवत आत दाबायची. ठोकायची नाही. फिरवलं की चिखल तिला वाट देतो. मग मागची. दोन डांगांमध्ये उभा राहिलेला डोंगा फिरत नाही. काढतानाही तसंच: ओढायच्या आधी फिरवायची, म्हणजे तिच्या बाजूनं पाणी आत शिरतं आणि चिखलानं धरलेली पकड सुटते. नुसती हिसका देऊन ओढली तर ती अचानक निघते, माणूस मागे पडतो आणि डोंग्याचा तळ दणाणतो. मला हे हाताला यायला एक अख्खा हिवाळा लागला. कका तेवढा वेळ थांबले. डांग आपल्या हातात घेऊन त्यांनी कधी माझं काम उरकलं नाही.

वारा जोराचा असला किंवा तळ खडकाळ असला की लोखंडी सळ्यांचा चार बोटांचा आकडा निघायचा. जलाशयात बुडालेल्या झाडांची खोडं आहेत, त्यात आकडा अडकतो. म्हणून त्याच्या खालच्या टोकाला कका एक बारीक उलटी दोरी बांधत. अडकला तर मुख्य दोरी सैल सोडून ही ओढायची. आकडा ज्या वाटेनं गेला त्याच वाटेनं मागे येतो. खेचाखेच नाही, आवाज नाही, आणि आकडाही जात नाही.

आणखी एका गोष्टीचं मला फार दिवस नवल वाटलं. कका डोंग्यात मोकळेपणानं बोलायचे. पिकाचं, गावातल्या रामायण मंडळीचं, मुलीच्या लग्नाचं. मी मात्र मासे पळतील म्हणून कुजबुजायची. पण माझा पाय फळीवर जरा जोरात पडला की ते मध्येच थांबायचे. "गोठिया, फेर गोड़ झन पटक." बोल, पण पाय आपटू नको. मी हे पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात नंतर शोधलं. हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावर पोचला की जवळजवळ सगळा परत फिरतो. त्याच्या ऊर्जेचा हजारातला एखादाच भाग पाण्यात उतरतो. पण लाकडावर पडलेला पाय, काठावर घासलेली डांग, तळाशी ठेवलेला दगड यांचा आवाज लाकडातून थेट पाण्यात जातो, आणि पाण्यात तो हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगानं धावतो. १८२६ मध्ये कोलादों आणि स्टुर्म या दोघांनी जिनिव्हाच्या सरोवरात पाण्याखाली घंटा वाजवून हा वेग मोजला होता, सेकंदाला १४३५ मीटर. ककांना हा आकडा कुणी सांगितला नव्हता. कुठला आवाज पाण्यात जातो आणि कुठला जात नाही, एवढं मात्र त्यांना माझ्या सगळ्या गुरुजनांपेक्षा नेमकं ठाऊक होतं.

छत्तीसगढात १६ जून ते १५ ऑगस्ट नद्या आणि जलाशयांतली मासेमारी बंद असते. हा माशांच्या विणीचा काळ. माझ्या दृष्टीनं ते दोन महिने सुट्टीचे होते. कका म्हणाले, काम तर आता आहे, ये. आणि मी गेले, त्या वर्षी आणि नंतरही जमेल तेव्हा. जे शिकले ते बहुतेक त्या पावसाळी दिवसांत, त्यांच्या पडवीत शिकले.

डांगेसाठी ते भरीव बांबू निवडायचे. आमच्याकडे विदर्भात त्याला मानवेल म्हणतात. पोकळ बांबू हलका पडतो, पाण्यात वर येऊ पाहतो आणि काठावर टेकला की घुमतो. नवा बांबू दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यात दगडांखाली दाबून ठेवायचा, म्हणजे त्यातला गोडवा निघून जातो आणि भुंगा लागत नाही. मग सावलीत वाळवायचा. उन्हात वाळवला तर चिरतो, आणि चिरलेली डांग वाऱ्यात करकरते. पेरांवरच्या गाठी तासून गुळगुळीत करायच्या आणि वर अळशीचं तेल चोळायचं. खालच्या टोकाला लोखंडी शेंबी असते. तीच बहुतेक आवाजांचं मूळ. वर्षभर गोट्यांवर टेकून ती सैल होते आणि प्रत्येक वेळी बारीकशी टकटक करते. हवेत ती ऐकूही येत नाही. कका शेंबी काढायचे, आतला गंज खरवडायचे, डांबरात भिजवलेल्या चिंधीचा एक वेढा टोकाला द्यायचे आणि मग ती ठोकून बसवायचे. बसली की कानाशी धरून हलवायचे. नंतर माझ्या हातात द्यायचे, मी हलवायची. काही ऐकू आलं नाही असं मी म्हटलं तरी ते परत एकदा हलवून बघायला लावत.

डोंग्याच्या काठाला डांग अडकवायला बाकीच्यांच्या डोंग्यांत लोखंडी कडी असे. ककांच्या डोंग्यात काथ्याचा फास होता आणि काठावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. ट्यूब दर पावसाळ्यात नवी. जुनी कडक होते आणि ओली झाली की किंचाळते. दगडाला जुन्या जाळ्याची पिशवी, आत नारळाची शेंडी भरलेली. डोंग्यात दगड ठेवायची जागा ठरलेली, खाली बारदान, आणि ते बारदान दर फेरीनंतर स्वच्छ पाण्यात खळबळून वाळत घालायचं, कारण त्यात अडकलेली रेती दगडाखाली करकरत राहते. दोरीची प्रत्येक हातभर लांबी बोटांतून सरकवून बघायची. जिथे तंतू उठले असतील तिथे ती काठाला घासते. या कामांत कठीण एकही नाही. पण यातलं एक राहिलं तर बाकी सगळी फुकट जातात, आणि पाण्यावर गेल्यावर त्यातलं काही दुरुस्त करता येत नाही. पाण्यात जी शांतता हवी ती आधी घरी, पडवीत बसून तयार करावी लागते, हे मी तिथे पाहिलं. मला वाटतं, माझ्या स्वभावातला उतावळेपणा जो काही कमी झाला तो याच पडवीत.

पुढे मी महाविद्यालयात शिकवू लागले. माशांच्या कानाचा धडा मी पाठ असल्यासारखा घेत असे. एर्न्स्ट वेबर यांनी १८२० मध्ये वर्णन केलेली ती इवलीशी हाडं: पाठीच्या कण्याच्या पहिल्या मणक्यांपासून बनलेली, माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला थेट आतल्या कानाशी जोडणारी. पिशवी आवाजानं थरथरते, हाडं तो थरथराट कानापर्यंत नेतात. ज्या माशांना ही हाडं असतात ते इतर माशांपेक्षा कितीतरी चांगलं ऐकतात. रोहू, कटला, मृगळ, शिंगी, मांगूर, सगळे त्यातलेच. मधमाश्यांच्या नाचासाठी नोबेल मिळालेले कार्ल फॉन फ्रिश यांनी १९२३ मध्ये शीळ ऐकून बिळाबाहेर येणाऱ्या मांजरमाशावर निबंध लिहिला होता. मासे बहिरे असतात असं मानणाऱ्यांना त्यांनी दिलेलं ते उत्तर होतं. हे सगळं मी फळ्यावर काढून दाखवत असे. एका वर्षी विद्यार्थ्यांपुढे ती हाडं काढताना माझ्या लक्षात आलं की ही आकृती म्हणजे ककांच्या चिंधीचं, ट्यूबचं आणि काथ्याच्या फासाचं कारण आहे. पुस्तक आणि पडवी तोवर माझ्या मनात दोन वेगळ्या खोल्यांत राहत होती. त्यानंतर मी तो धडा कधी फळ्यावर सुरू केला नाही. आधी मुलांना पाण्याच्या टाकीत हात बुडवायला लावत असे आणि टाकीच्या कडेला नाण्यानं टिचकी मारत असे.

पाण्याखालचा आवाज टिपणारा मायक्रोफोन, म्हणजे हायड्रोफोन, मला मिळाला तो बऱ्याच उशिरा. लिओनार्दो दा विंची यांनी पंधराव्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवलं आहे की लांब नळीचं एक टोक पाण्यात आणि दुसरं कानाशी धरलं तर दूरची जहाजं ऐकू येतात. त्यांची पहिली अट होती जहाज थांबवण्याची. मी ती अट ककांच्या डांगांवर पूर्ण केली आणि मोठ्या आशेनं ध्वनिमुद्रण घेतलं. घरी, शंकर नगरात, रात्री ते ऐकलं तर त्यात आवाजच आवाज, आणि कुठला कशाचा हे मला सांगता येईना. पुढच्या वेळी मी हेडफोन ककांच्या कानाला लावला. त्यांनी आयुष्यात तो पहिल्यांदाच घातला होता. डोळे मिटून ते एकेक सांगू लागले: हा फास ओला होऊन आवळतोय. हे डांगेवरून थेंब पडतायत. हा मागच्या शेंबीखाली गोटा आहे, ती दोन वीत सरकव. आणि ही तुझी काकणं, नोनी, काठाला लागतायत. मी काकणांवर रुमाल बांधला. मागची डांग त्यांनी सरकवली. मग कुठे हेडफोनमध्ये ते आले जे मी इतकी वर्षं शोधत होते: तळाची लद्दी तोंडानं उपसत चरणाऱ्या माशांची बारीक, सततची चुरचुर. ककांनी ती ऐकली आणि म्हणाले, मृगळ आहेत. पाहिल्याशिवाय मला ते मान्य करायची छाती नव्हती, पण नंतर जाळ्यात आले ते मृगळच.

आईचं शेवटचं आजारपण शंकर नगरच्या घरीच झालं. तिला रात्री झोप लागत नसे. भाड्यानं आणलेला लोखंडी पलंग, प्राणवायूचं यंत्र, वरचा पंखा, आणि आम्ही सगळे चवड्यांवर चालत, कुजबुजत बोलत. तिला त्या कुजबुजीचा त्रासच व्हायचा. ती म्हणायची, नीट बोला गं, मी ऐकतेय. कका आणि काकी तिला भेटायला आले, सोबत नगरीकडचा दुबराज तांदूळ घेऊन. काकी आईचा हात धरून बसल्या. कका थोडा वेळ उभे राहिले, मग वाकून तळवा फरशीवर ठेवला, मग पलंगाच्या पायावर, मग भिंतीवर. यंत्र फरशीवर थेट ठेवलेलं होतं. त्याची थरथर फरशीतून पलंगाच्या लोखंडात चढत होती आणि आईच्या उशीपर्यंत जात होती. आम्ही इतके दिवस हवेतला आवाज कमी करत होतो. त्यांनी गल्लीतल्या सायकलच्या दुकानातून ट्यूब आणवली, यंत्राखाली चौघडी बारदान आणि ट्यूबची वेटोळी घातली, पलंगाच्या चारही पायांना ट्यूब गुंडाळली, पलंगाचा एक सैल बोल्ट पक्का केला. त्या रात्री आई झोपली. ती नंतर फार दिवस राहिली नाही, पण उरलेल्या रात्री तिला झोप मिळाली. हे ऋण मी कुठल्या खात्यात मांडू हे मला आजही कळत नाही. ककांशी एकदा बोलायचा प्रयत्न केला तर त्यांनी विषय बदलून डोंग्याच्या डांबराची चौकशी केली.

माझा पुतण्या अमेरिकेत फ्लोरिडात राहतो, मेक्सिकोच्या आखाताच्या बाजूला. निवृत्तीनंतर त्याच्याकडे गेले तेव्हा तो मोठ्या हौसेनं मला आपल्या मासेमारीच्या बोटीवर घेऊन गेला. मागच्या बाजूला दोन यांत्रिक हात. बटण दाबलं की ते उघडतात आणि फायबरचे लांब खिळे उथळ पाण्याच्या तळात रोवतात. कका ज्याला डांग म्हणतात तेच, फक्त तेलाच्या दाबावर चालणारं. तिथे तो ज्या माशामागे असतो तो आपल्या कोकणातल्या घोळ आणि ढोम्याच्या कुळातला. हे मासे हवेच्या पिशवीशेजारचे स्नायू हलवून स्वतःच आवाज करतात, साहजिकच आवाज ओळखतातही. पुतण्याची तक्रार होती की नांगर उतरवला की मासे निघून जातात. नवी बोट, महागडं साधन, तरी.

आम्ही एका सकाळी बोट ट्रेलरवर असतानाच कामाला बसलो. सांध्यांमधल्या प्लास्टिकच्या चकत्या झिजल्या होत्या, त्यामुळे हात उघडताना खटका बसायचा, त्या बदलल्या. हातांना बोटीशी धरून ठेवणारे बोल्ट किंचित ढिले होते. तेलाच्या नळीत हवा शिरलेली, म्हणून हात धक्क्याधक्क्यानं उतरत होता. टाकीत तेल भरून, हात अनेकदा वर-खाली करून ती हवा काढली. एक नळी बोटीच्या अंगाला घासत होती, तिला रबराचं वेष्टण घातलं. खाऱ्या पाण्याचे खवले गोड्या पाण्यानं धुतले. ते दर फेरीनंतर धुवायला हवेत हे पुतण्याला पटवावं लागलं. बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी घासून काढली, कारण वीज कमी पडली की पंप रखडतो आणि जास्त गुरगुरतो. हे सगळं झाल्यावर आवाज खूप कमी झाला. पण गेला नाही. तळातून एक गुणगुण येत राहिली आणि ती कुठून येते हे आम्हाला सापडेना.

रायपूरकडे संध्याकाळ होती. ककांच्या नातीच्या फोनवर मी त्यांना बोट दाखवली, यंत्र दाखवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला: "मोटर ह काकर ऊपर बइठे हे?" मोटर कशावर बसली आहे? पंप बोटीच्या आतल्या बाजूला फायबरच्या अंगाला थेट स्क्रूनं बसवलेला होता. पातळ, ताणलेलं फायबर; मांदरावर ताणलेल्या कातड्यासारखं ते त्या पंपाची प्रत्येक थरथर पाण्याला देत होतं. पुतण्यानं पंप काढून जाड रबराच्या बैठकीवर बसवला, स्क्रूभोवतीही रबर घातलं. मग गुणगुण थांबली. पंपाखालचं ते रबर बघताना मला आईच्या खोलीतलं यंत्र आठवलं. उत्तर माझ्याच घरात होतं आणि मला ते परत ककांकडून ऐकावं लागलं. पुतण्यानं आता बोटीवर एक रिवाज ठेवला आहे: बोट पाण्यात घालण्याआधी, जमिनीवर असतानाच, प्रत्येक सांधा हातानं हलवून बघायचा. त्याच्या मुलांनाही तो ते करायला लावतो. त्या मुलांनी महानदी पाहिलेली नाही.

ककांची नात कवर्ध्याला मत्स्य महाविद्यालयात शिकते. पंडवानी गायक पूनाराम निषाद यांचं नाव त्या महाविद्यालयाला आहे, आणि तिला त्याचा फार अभिमान आहे. रायपूरला आली की ती शंकर नगरला माझ्याकडे उतरते. वेबरची हाडं, हवेची पिशवी, तळाच्या गाळातले किडे, सगळं विचारते आणि मी माझ्या जुन्या वह्या काढून बसते. मी शिकवायला सुरुवात केली की थोड्या वेळानं तीच मला काही सांगू लागते, कारण लहानपणापासून ती आजोबांच्या पडवीत बसली आहे. गेल्या पावसाळ्यात ककांचे हात थरथरत होते म्हणून डोंग्याच्या काठाची ट्यूब मला गुंडाळायची होती. मी गुंडाळली. तिनं डांग काठाशी धरून दोनदा फिरवली आणि ट्यूब सोडून माझ्या हातात परत दिली. गाठ आतल्या बाजूला आली होती, तिथे डांग घासली असती. कका खाटेवरून बघत होते, बोलले नाहीत. मी परत गुंडाळली, गाठ बाहेर घेतली. या वर्षीही १६ जूननंतर जायचं आहे. शेंबी दोन्ही डांगांच्या बदलायच्या आहेत, तिनं लोहाराला सांगून ठेवलंय, आणि ट्यूब मी रायपूरहून न्यायची ठरलं आहे.